काकू, तुम्ही बसा ना

"काकू, तुम्ही बसा ना. पाणी मागवू का?"

एरवी कुणी असं म्हटलं तर बरं वाटतं. वयाचा मान म्हणून आपण टेकतो, पाणी पितो. पण मी कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरपाशी उभी होते, भिंगाबद्दल एक सरळ प्रश्न विचारला होता, आणि त्या प्रश्नाला मिळालेलं हे उत्तर होतं. इतकी वर्षं झाली, राग काही गेला नाही. मुलगी म्हणते, आई, तू तो मुद्दाम जपून ठेवलायस. असेल.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. भिंगं, आरसे, प्रकाशाचं अपवर्तन ही माझी लाडकी प्रकरणं. निवृत्तीनंतर पक्षी बघायचा नाद लागला. पुण्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. पाषाणचा तलाव आहे, सोलापूर रस्त्यावर कवडी पाट आहे, थंडीत भिगवण आहे. दुर्बीण होती, पुस्तकं होती. अडत होतं ते तुतारीपाशी.

तुतारी म्हणजे थंडीत पाणथळ जागी येणारी, चिखलात चोच खुपसत फिरणारी छोटी पाखरं. त्यातली हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी नवख्याला हमखास चकवतात. पुस्तकात दिलेली एक खूण अशी: डोळ्यावरची पांढरी भिवई ठिपकेवालीत डोळ्याच्या बरीच मागेपर्यंत जाते, हिरवीत डोळ्याशी येऊन संपते. झालं, एवढंच. पण दुर्बिणीतून बघताना ती मान वळवते, शेपूट हलवते, भुर्रकन उडते, आणि घरी येऊन पुस्तक उघडलं की भिवई मागे गेली होती की नव्हती हे आपलं आपल्यालाच आठवत नाही. मला फोटो हवा होता तो त्या भिवईचा पुरावा म्हणून. भिंतीवर लावायला नको होता.

हे २०१७ च्या नोव्हेंबरातलं. चौकशी करकरून दोन कॅमेऱ्यांवर येऊन थांबले होते. एक निकॉनचा डी३४००, म्हणजे डीएसएलआर, सोबत १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स. दुसरा निकॉनचाच कूलपिक्स पी९००. हा दिसायला डीएसएलआरसारखा, पण लेन्स कायमची जोडलेली, आणि झूम ८३ पट. अशांना ब्रिज कॅमेरा म्हणतात. दोन्हींच्या किमती चाळीस हजारांच्या आसपास घुटमळत होत्या, त्यामुळे पैशांचा प्रश्न नव्हता. प्रश्न जातीचा होता. पक्षीवाल्या मंडळींत यावरून दोन तट होते आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांची कीव करत.

दुकानात जाताना सोबत जावई आले. माणूस सोन्यासारखा, फक्त खंड्या आणि वेडा राघू यांतला फरक त्यांना कळत नाही. गाडी त्यांनी चालवली, एवढाच त्यांचा या व्यवहारातला वाटा. पण आत शिरलो आणि काउंटरमागच्या तरुणानं थेट त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. "या साहेब. बजेट काय आहे?"

मी म्हटलं, "कॅमेरा मला घ्यायचाय."

"हो हो," असं म्हणून त्यानं डी३४०० काढला आणि जावयांच्या हातात दिला.

इथून पुढचा पाऊण तास मी नाटक बघावं तसा काढला. मी प्रश्न विचारायचा, त्यानं मान माझ्याकडे करून ऐकायचा आणि उत्तर जावयांना द्यायचं. "ही ७०-३०० तीनशेला किती ॲपर्चर देते?" असं मी विचारलं. "साहेब, याला चोवीस मेगापिक्सेल आहेत." मी विचारलं, सलग फोटो काढताना सेकंदाला किती येतात. "साहेब, यावर लग्नाचे फोटो एक नंबर येतात." जावई बिचारे ओशाळून माझ्याकडे बघत होते, निदान पहिली दहा मिनिटं. मग हातातल्या कॅमेऱ्यानं त्यांच्यावर मोहिनी घातली. तो खटॅक आवाज येतो ना आरशाचा, त्यानं भलेभले विरघळतात. दहा मिनिटांनी तेच म्हणाले, "आई, मला वाटतं डीएसएलआरच घेऊ या. पुढे वाढदिवसालाही होईल."

मी पी९०० दाखवा म्हटलं. तो काचेच्या कपाटात होता. विक्रेता हसला, "ते खेळणं आहे साहेब. चंद्राचे व्हिडिओ काढायला बरं." तरी दाखवा म्हटल्यावर काढला. बॅटरी उतरलेली. चार्ज करा म्हटलं, तर चार्जर वरच्या मजल्यावर. मी घरून माझं मेमरी कार्ड नेलं होतं. दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीवरची पाटी दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपायची आणि घरी संगणकावर शेजारी शेजारी ठेवून बघायची, असा साधा बेत. विक्रेता म्हणाला, बाहेरचं कार्ड चालणार नाही, व्हायरस येतो. कॅमेऱ्यात व्हायरस! जावयांनीही मान डोलावली.

मग मी तो भिंगाचा प्रश्न विचारला. म्हटलं, "अहो, दोन्ही लेन्स पूर्ण ताणल्यावर त्यांचं खरं नाभीय अंतर किती? साडेचारशे-दोन हजार असे गुणून सांगितलेले नकोत, लेन्सवर छापलेलं सांगा." आणि तेव्हा ते आलं: काकू, तुम्ही बसा ना.

बसले. दुसरं काय करणार! आणि बसल्या जागेवरून पुढचं ऐकलं. "काकूंना हा जड होईल साहेब. त्यांच्यासाठी एखादा छोटा दाखवू का, ऑटोमॅटिक? लाल रंगात पण आहे." आणि शेवटी आवाज खाली आणून, "बिल नको असेल तर रेटमध्ये बघता येईल." तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के जीएसटी होता, १८ वर आला तो २०१९ च्या जानेवारीत. हे मोलाचं गुपितही माझ्या कानापर्यंत येऊ नये अशा बेतानं साहेबांनाच सांगितलं गेलं.

लोक म्हणतात, त्याचा हेतू वाईट नव्हता. नव्हताच. मला त्याच्या हेतूशी देणंघेणं नाही. पैसे माझ्या खात्यातून जाणार होते आणि ज्या विषयावर मी हयातभर खडू झिजवला त्या विषयावर मला खुर्ची दाखवली गेली, एवढंच मला दिसतं. बँकेत हे होतं, गाड्यांच्या शोरूममध्ये होतं, इलेक्ट्रिशियन घरी आला की होतं. "साहेब आहेत का?" साहेब नाहीत बाबा, फ्यूज कुठाय ते मलाच माहीत आहे.

असो. घरी आले, वही घेतली.

विक्रेत्याचं एक म्हणणं खरं होतं: डीएसएलआरचा सेन्सर मोठा. डी३४०० चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधराच्या जरा वर रुंद; पी९०० चा जेमतेम सव्वासहा बाय साडेचार. क्षेत्रफळात तेरा पट फरक. सेन्सर मोठा तर प्रकाश जास्त, प्रकाश जास्त तर फोटो स्वच्छ, हे सगळे म्हणतात. पण प्रकाश सेन्सरपर्यंत पोचतो तो भिंगाच्या छिद्रातून. पावसात ठेवलेल्या बादलीत किती पाणी जमेल हे तिच्या तोंडावर ठरतं, तळावर नाही. एफ नंबर म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानं भागून आलेला आकडा. तेव्हा उलटं भागलं की व्यास मिळतो. ७०-३०० लेन्स तीनशेला एफ ६.३ देते. ३०० भागिले ६.३, म्हणजे सुमारे ४८ मिलिमीटर. पी९०० चं खरं नाभीय अंतर पूर्ण ताणल्यावर ३५७ मिलिमीटर, एफ ६.५. भागाकार ५५ मिलिमीटर.

म्हणजे दूरवर बसलेल्या एकाच पाखराकडून येणारा प्रकाश त्या 'खेळण्या'त डीएसएलआरपेक्षा साधारण एक-तृतीयांशानं जास्तच शिरत होता. मी आकडेमोड परत केली. तेच आलं.

आता न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही मांडली. झूम अजिबात न ताणता, हॉलमध्ये माणसांचे फोटो काढायचे असतील तर? पी९०० ची लेन्स तेव्हा ४.३ मिलिमीटर, एफ २.८; छिद्र अवघं दीड मिलिमीटर. डीएसएलआरची छोटी लेन्स १८ ला एफ ३.५, म्हणजे पाच मिलिमीटरच्या वर. क्षेत्रफळात अकरा पटींच्या आसपास फरक, तोही डीएसएलआरच्या बाजूनं. म्हणजे लग्नाबद्दल तो मुलगा शंभर टक्के बरोबर होता. फक्त मला लग्नाला जायचं नव्हतं.

आणि वजन. दोन्हींची छापील वजनं बघितली. डी३४०० बॅटरीसकट ४४५ ग्रॅम, ७०-३०० लेन्स ४१५, मिळून ८६०. पी९०० एकटा ८९९. काकूंना जड होणारा कॅमेरा हलका होता!

कागदावर जिंकून भागत नाही, म्हणून प्रत्यक्ष तुलना करायची ठरवली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे डी३४०० चा तोच संच होता आणि एका मैत्रिणीकडे पी९००. तिघंही भल्या पहाटे कवडी पाटला गेलो. ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांना पहिल्यांदा धक्का बसतो. मुळा-मुठेवरचा जुना बंधारा, पाण्यावर साबणासारखा फेस, काठाला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन आलेल्या नदीचा वास. आणि त्यातच चक्रवाक, शेकाटे, धोबी, नदी सुरय. पक्ष्यांना आपल्यापेक्षा कमी तक्रारी असतात की त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नसतो, मला ठरवता आलेलं नाही.

तुतारी पन्नासेक मीटरवर एका दगडावर होती. दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपली. घरी संगणकावर उघडलं तेव्हा डीएसएलआरच्या फोटोत ती चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम तीनशे पिक्सेल भरली. डोक्याच्या वाट्याला तीस-चाळीस. मोठी करून पाहिली तर भिवईच्या जागी फिकट चौकोन दिसत होते. पी९०० मध्ये तीच तुतारी हजाराच्या वर पिक्सेल घेऊन बसली होती. रंग थोडे फिसकटलेले, पोटावरची पिसं पाण्यात ओला कुंचला फिरवल्यासारखी. पण भिवई होती, आणि ती डोळ्याच्या मागेपर्यंत स्पष्ट गेली होती. ठिपकेवाली.

पी९०० च्या पदरात उगाच जास्त माप घालायला नको. त्याचे सोळा मेगापिक्सेल पूर्ण ताणलेल्या झूमला सोळांचं काम करत नाहीत; विवर्तनामुळे प्रकाशाचा बिंदू त्याच्या पिक्सेलच्या कितीतरी पट मोठा पसरतो. तो रॉ फाइल देत नाही, फक्त जेपेग. उजेड जरा उतरला की चित्र दाणेदार होतं. दोन हजारच्या झूमला पाखरू चौकटीत सापडतच नाही, समोर नुसतं पाणी. त्यासाठी लेन्सच्या बाजूला एक बटण दिलंय. दाबून धरलं की झूम मागे येतो, पाखरू कुठाय ते दिसतं, सोडलं की परत पुढे जातो. हे बटण ज्यानं सुचवलं तो माणूस नक्की पक्षी बघणारा असणार.

आणि मग कवड्या खंड्या आला. काळा-पांढरा. हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखतो आणि दगडासारखा पडतो. विद्यार्थ्यानं डीएसएलआर डोळ्याला लावला, खटॅक खटॅक खटॅक. मी पी९०० लावला. आतल्या छोट्या पडद्यावर चित्र एक क्षण उशिरा येतं, फोकस पुढेमागे करत राहतो; सलग सात फोटो घेतले की तो ते कार्डावर लिहीत बसतो आणि तेवढा वेळ आपण हात चोळायचे. माझ्या सात फोटोंत पाण्याची वर्तुळं होती, एकात शेपटीचं टोक. विद्यार्थ्याच्या फोटोत पंख पूर्ण उघडलेले, काळ्या डोळ्यात सकाळच्या उजेडाचा ठिपका. लहान होता, पण जिवंत होता.

"बाई, हे त्यात नाही यायचं," तो हळूच म्हणाला. शाळेत कधी इतकं मुद्द्याला धरून बोलला नव्हता.

मी पी९०० घेतला. आणि घेतला तो त्याच दुकानात. पुन्हा पायरी चढणार नाही असं घरी चारचौघांत जाहीर केलं होतं, पण अधिकृत वॉरंटीचा नग त्या आठवड्यात तिथेच होता. या वेळी एकटी गेले. तोच मुलगा. "साहेब नाही आले?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते कामावर गेलेत. मग मात्र सीलबंद खोका माझ्यासमोर उघडला, बॅटरी घातली, कॅमेरा चालू करून दाखवला. पैसे दिले, बिल छापून आलं. वर नाव जावयांचं.

गेल्या खेपेला त्यांचा मोबाइल नंबर घेतला होता म्हणे, सिस्टीममध्ये तोच होता. मी म्हटलं, नाव बदलून द्या. तर म्हणाला, "काकू, काय फरक पडतो? घरातच तर आहे." मी खुर्ची ओढून घेतली आणि या वेळी स्वतःहून बसले. "बदला. तोवर मी पाणी घेते." बदललं त्यानं. पहिलं बिल रद्द करायला मालकाला वरून बोलवावं लागलं, माझ्यामागे चार गिऱ्हाईकं ताटकळली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

कॅमेरा घ्यायला निघालेल्यांनी माझं ऐकायचं असेल तर आधी आपल्याला काय टिपायचंय ते एका वाक्यात लिहून काढा. "चांगले फोटो" हे उत्तर धरलं जाणार नाही. मग ओळखीत कुणाकडे तो कॅमेरा असेल तर त्याच्याबरोबर एक सकाळ काढा. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्यानंही मिळतात. बिल घ्या, कारण वॉरंटीचं भांडण भांडायला कागद लागतो. आणि मेगापिक्सेलचा आकडा कुणी सांगू लागला की विषय बदला.

एवढं सगळं ठामपणे सांगून झाल्यावर हेही सांगितलं पाहिजे की आता मला तुताऱ्यांचं पूर्वीइतकं कौतुक राहिलेलं नाही. बऱ्याचशा मी चालीवरून, आवाजावरून ओळखते. भिवई बघायचं कारण उरलं नाही. खंड्या मात्र अजून येतो, तसाच हवेत थांबतो, आणि माझ्या हाताला तसाच लागत नाही. त्या खटॅक आवाजाला मी त्या दिवशी नाक मुरडलं होतं, आता कुणाच्या हातून तो ऐकला की मान आपोआप वळते. मध्यंतरी निकॉननं १२५ पट झूमचा पी१००० काढला, वजन १४१५ ग्रॅम. मग रॉ फाइल देणारा पी९५० आला. आरसाच नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी डीएसएलआरचं दुकान जवळपास बंद केलं. जावई म्हणतात, मोबाइल घ्या आई, आता त्यातच सगळं आहे. त्यांच्या मोबाइलमधला खंड्या मी पाहिलाय. निळा ठिपका आहे, कावळा नाही एवढं सांगता येतं.

सध्या एखादा वापरलेला डीएसएलआर बघतेय. त्यानिमित्तानं परत दुकानं फिरणं आलं, परत काउंटर आले. दुकानदारांनी गिऱ्हाईकाला काय म्हणावं हे सांगायच्या भरीला मी आता पडणार नाही. एकच विनंती आहे: निदान कपाटातल्या दाखवायच्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या तरी चार्ज करून ठेवा.